मॉडेल रेल्वेचा रिमोट उघडताना: आधी काय तपासायचं, आत काय सापडतं

आमची गाडी चालता चालता थांबायला लागली होती. नॉब फिरवला की इंजिन हातभर जायचं आणि उभं राहायचं. पुन्हा फिरवला की पुन्हा हातभर. मी शहाणपणा केला आणि सरळ रिमोट उघडला. उघडताना आतली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग उडाली ती थेट फ्रीजखाली. रविवारची सकाळ पोटावर पडून टॉर्च मारण्यात गेली. संध्याकाळी कळलं की रिमोट ठणठणीत होता, केबलच्या टोकाच्या प्लगमधली एक तार तुटली होती.

त्यानंतर स्वतःचे आणि मित्रांचे मिळून आठ रिमोट उघडले. सहा चालू झाले, दोन गेले. हा लेख त्यांच्यासाठी आहे जे या छंदात नुकतेच आले आहेत. कुणी कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून नादाला लागतं, कुणाचा मामेभाऊ जर्मनीहून बॅगेत जुना सेट घेऊन येतो. सेट जुना म्हणजे वॉरंटी नाही, आणि इथे दुरुस्त करून देणारं दुकान शोधून सापडत नाही. तेव्हा आपला हात जगन्नाथ.

रिमोट म्हणताना दोन जाती धरल्या आहेत. एक, केबलने मुख्य कंट्रोल युनिटला जोडायचा हँडसेट, म्हणजे रोको कंपनीचा मल्टीमाउस किंवा मार्क्लिन कंपनीचं मोबाइल स्टेशन या घराण्यातला. दुसरा, सेलवर चालणारा बिनतारी: इन्फ्रारेड किंवा रेडिओवाला. तुमचा नेमका कोणता हे महत्त्वाचं आहे, कारण केबलवाल्यात सेल गळण्याचा प्रश्न नसतो आणि बिनतारीत केबल तुटण्याचा.

## १. आधी गुन्हेगार शोधा

स्क्रू ड्रायव्हर अजून कपाटातच राहू द्या. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त रिमोट इथेच वाचतात.

रूळ पुसा. एच-ओ या मॉडेल रेल्वेच्या प्रचलित मापात रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं आणि वीज त्या बारीक रुळांतूनच इंजिनाला मिळते. रुळांवर काळा थर बसला की इंजिन अडखळतं आणि शिव्या रिमोटला बसतात. पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एक फेरी मारा. फडकं काळं झालं तर पुसत राहा. इंजिनाची चाकंही पुसा.

दुसरं इंजिन ठेवून बघा. ते नीट चाललं तर रिमोट निर्दोष सुटला.

पत्ता तपासा. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला एक नंबर असतो आणि नवीन डीसीसी इंजिन बहुतेक वेळा ३ नंबरवर येतं. जुन्या मालकाने तो बदलून ठेवला असेल तर तुमच्या रिमोटवर ३ निवडून काहीच हलणार नाही. एका मित्राने याच कारणासाठी रिमोट उघडून ठेवला होता. इंजिनाच्या पोटावर कुणीतरी पेन्सिलीने २८ लिहिलेलं होतं.

दोन हँडसेट असतील तर एक काढा. एक्सप्रेसनेट या हँडसेट कंट्रोल युनिटला जोडायच्या पद्धतीत जोडलेल्या प्रत्येक हँडसेटला १ ते ३१ मधला स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो. दोघांचा क्रमांक एकच असला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, आणि जो नंतर विकत घेतला तो बिघडलेला वाटतो.

केबल हलवा. गाडी चालू ठेवून केबल प्लगपाशी आणि रिमोटच्या तोंडाशी हळूच वाकवा. स्क्रीन लुकलुकली किंवा गाडी थांबली तर दोष तिथेच. रिमोट न उघडता पायरी ६ मधल्या केबलच्या भागाकडे जा.

बिनतारी असेल तर नवे सेल घाला. रिमोटला नवेच, ओळखीच्या कंपनीचे अल्कलाइन. घड्याळातून काढलेले नकोत. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात, आणि काही रिमोट तेवढ्यावर रुसतात. इन्फ्रारेड असेल तर मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटच्या पुढच्या दिव्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट ठिणगी दिसली पाहिजे. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. मागच्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

एवढं करूनही बोट रिमोटकडेच दाखवत असेल, तर पुढे.

## २. सामान

- लहान फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ० आणि ०० नंबरचे. काही रिमोटना चांदणीच्या डोक्याचे टॉर्क्स स्क्रू असतात, तेव्हा त्याची टोकंही असलेला मोबाइल दुरुस्तीचा संच घेतलेला बरा.
- जुनं बाद झालेलं एटीएम कार्ड किंवा गिटार वाजवायची प्लास्टिकची चकती
- मल्टीमीटर, बीप वाजवणारा. स्वस्तातला चालेल.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायचे कापसाचे बोळे, जुना टूथब्रश
- इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे
- चिमटा, खोडरबर, कागदी चिकटपट्टी
- सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर, फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट धरायला लावायची पेस्ट (हे लागेलच असं नाही)
- स्वयंपाकघरातून: काठ असलेलं ताट आणि मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या

वाट्यांचं गंमत म्हणून सांगत नाही. रिमोटमधले स्क्रू बघायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात घातला की तो समोरून प्लास्टिक फोडून बाहेर येतो. वरच्या जोडीचे स्क्रू एका वाटीत, खालच्या जोडीचे दुसऱ्या वाटीत. डबा कुणाच्या ताब्यात आहे त्यांना आधी विचारा.

पुण्यात हे सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी, तापकीर गल्लीत मिळतं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

## ३. उघडण्याआधीच्या दोन गोष्टी

केबल काढा, सेल काढा. हँडसेटमध्ये फार व्होल्टेज नसतं, त्याची भीती नको. पण ज्या डब्यातून त्याला वीज येते तो ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर सप्लाय भिंतीच्या २३० व्होल्टला जोडलेला असतो. तो कधीही उघडायचा नाही. या लेखातलं काहीही त्याला लागू नाही.

दुसरी गोष्ट, फोटो. उघडण्याआधी पुढून, मागून आणि नॉब शून्यावर असताना त्याची खूण कुठे आहे त्याचा. नॉबचा फोटो विसरू नका. मल्टीमाउससारख्या हँडसेटवर नॉबचं शून्य मधोमध असतं, एका बाजूला फिरवलं की पुढे आणि दुसऱ्या बाजूला फिरवलं की मागे. बंद करताना नॉब वाकडा बसला तर तुम्हाला शून्य वाटतं तिथे गाडी चालत असते.

## ४. खोलणं

दिसणारे स्क्रू काढले आणि तरी रिमोट उघडत नाही, म्हणजे एखादा लपलेला आहे. लपण्याच्या जागा ठरलेल्या: सेलच्या झाकणाखाली, मागच्या स्टिकरखाली, रबरी पायांखाली. स्टिकरवरून नखाने दाबत जा, पोकळ खड्डा लागला तर तिथे स्क्रू आहे. हेअर ड्रायरची कोमट हवा दिली की स्टिकर न फाटता सुटतो.

स्क्रूचं डोकं झिजलेलं असेल तर घाई नको. रुंद रबर बँड डोक्यावर ठेवून त्यावरून ड्रायव्हर दाबत फिरवा. डोकं पूर्ण गुळगुळीत झालं की मग ड्रिलशिवाय गत्यंतर नसतं.

स्क्रू निघाल्यावर दोन्ही कवचं प्लास्टिकच्या खटक्यांवर अडकलेली असतात. इथे नवशिके स्क्रू ड्रायव्हरचं टोक फटीत घालतात आणि कडेला कायमचा ओरखडा पाडतात. कार्ड वापरा. एका कोपऱ्यात सरकवा, जरा तिरकं करा, टक् असा आवाज येईल. मग कार्ड तिथेच ठेवून दुसरं कार्ड पुढे सरकवत न्या. टक् आवाज चांगला. कट् आवाज आला तर खटका तुटला.

शेवटचा खटका सुटतो तेव्हा सगळ्यांचा हात शिवशिवतो. थांबा. कवचं झटकन वेगळी करू नका. दोन कारणं: एक, नॉबखाली किंवा सेलपाशी स्प्रिंग असू शकते (फ्रीजची गोष्ट आठवा). दोन, पुढच्या आणि मागच्या भागाला बारीक तारांनी किंवा पट्टीने जोडलेलं असू शकतं. रिमोट ताटात, बटणांची बाजू खाली ठेवून, पुस्तकासारखा एका बाजूने उघडा. आतला फोटो काढा आणि मगच बोट लावा.

नॉब बहुतेक वेळा नुसता दाबून बसवलेला असतो. दोन्ही बाजूंनी कार्ड घालून सरळ वर उचला. एका बाजूने उपटला तर खालचा दांडा वाकतो, आणि वाकलेला दांडा सरळ झालेला मी तरी पाहिलेला नाही.

## ५. आत काय दिसतं

घाबरण्यासारखं काही नसतं. एक हिरवा सर्किट बोर्ड. त्यावर स्क्रीन. बटणांची रबरी चादर, जिच्या मागे प्रत्येक बटणाखाली काळी कार्बनची टिकली. नॉबखाली तीन किंवा जास्त पायांचा एक गोल किंवा चौकोनी भाग. केबलचं सॉकेट किंवा सेलच्या पट्ट्या. मधल्या काळ्या चिपकडे बघायचं आणि सोडून द्यायचं. ती गेली असेल तर घरी इलाज नाही. पण तिच्यामुळे बंद पडलेला रिमोट मला आठात एकच भेटला.

आधी नुसते डोळे वापरा. हिरवट-पांढरी बुरशी, तपकिरी डाग, सुटलेली तार, चिरलेला सोल्डरचा डाग. पावसाळ्यात कोकणातल्या घरात ठेवलेल्या रिमोटमध्ये तांब्याच्या रेघांवर हिरवं हमखास सापडतं.

## ६. दुरुस्ती

### केबल आणि प्लग

सगळ्यात जास्त वेळा हेच. हँडसेटची केबल टेलिफोनच्या वायरसारखी दिसते आणि प्लगही तसाच, म्हणून लोक घरातली टेलिफोनची वायर लावून बघतात. ही मोठी फसगत आहे. घरच्या टेलिफोनच्या वायरीत बहुतेक दोन किंवा चार तारा असतात, हँडसेटला बऱ्याचदा सहाही लागतात. शिवाय टेलिफोनच्या वायरीत एका टोकाला तारांचा क्रम उलटा असू शकतो. चुकीच्या क्रमाने वीज भलत्या पायावर गेली तर नीट असलेला रिमोटही जातो.

जुनी केबल फेकायच्या आधी दोन्ही प्लग शेजारी शेजारी धरा, खटके खाली. रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा आहे की उलटा, कागदावर लिहा. मग मल्टीमीटर बीपवर ठेवून एका टोकाची प्रत्येक सोनेरी पट्टी दुसऱ्या टोकाशी तपासा आणि तपासताना केबल वाकवत राहा. बीप तुटक आला ती तार मेली.

तुटणं बहुतेक प्लगच्या तोंडाशी असतं. तेवढं टोक कापून सहा पट्ट्यांचा नवा प्लग क्रिंपिंगच्या पकडीने दाबायचा. आतल्या बारीक तारांचं आवरण सोलायचं नाही, पट्ट्या स्वतःच आवरणाला भोक पाडून तारेला भिडतात. सोलायचं ते फक्त बाहेरचं जाड आवरण. क्रम कागदावरचाच.

प्लग चांगला आणि तरी हलवल्यावर बंद पडत असेल तर आत सॉकेटचे पाय बघा. रोज प्लग घालून-काढून तिथले सोल्डरचे डाग चिरतात. भिंग लावल्यावर पायाभोवती केसासारखी गोल रेघ दिसते. फ्लक्स लावा, सुमारे ३५० अंशांवर आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा, किंचित नवं सोल्डर द्या. जास्त वेळ धरलं तर बोर्डावरची तांब्याची चकती उचलली जाते. सोल्डरमध्ये बऱ्याचदा शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

### गळलेले सेल

अल्कलाइन सेल गळला की पांढरी बुरशी दिसते. ती अल्कधर्मी असते. हातमोजे घाला, कोरडी बुरशी ब्रशने झाडा, बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन टिपा. फसफसलं की समजा काम चाललंय. मग ओल्या बोळ्याने, शेवटी अल्कोहोलने पुसा. स्वस्त झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते. तिथे लिंबू नको, खाण्याच्या सोड्याचं पाणी बोळ्यावर घ्या.

पट्टीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा. आणि सेलच्या पट्टीपासून बोर्डाकडे जाणारी तार तपासा: गळती आवरणाच्या आतून चढत जाते. तार वरून लाल, नवी दिसते आणि सोलली की आत काळी. अशी तार बदलायचीच, काळ्या तारेला सोल्डर धरत नाही.

### बटणं दाबली जात नाहीत

रबरी चादर काढा, भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या, पंख्याखाली रात्रभर. कार्बनच्या टिकल्या अल्कोहोलच्या बोळ्याने नुसत्या टिपा. घासल्या तर कार्बनच निघून येतो. बोर्डावरच्या जागा खोडरबरने हलक्या हाताने घासून भुगा झाडून टाका.

एखादी टिकली पारच मेली असेल तर वीज वाहून नेणारा ग्राफाइटचा रंग मिळतो, त्याचा एक ठिपका. टिकलीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवण्याची युक्ती जुने लोक सांगतात. चालते, पण दोन-चार महिन्यांत तुकडा निसटतो आणि मग आत भटकत शॉर्ट करतो. मी करत नाही.

### नॉब फिरवल्यावर वेग उड्या मारतो

आधी नॉब कसा फिरतो ते बघा. दोन्हीकडे अडत असेल तर बहुधा पोटेन्शिओमीटर, म्हणजे आत एक काळी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा हात. न अडता गोल गोल फिरत असेल तर तो एन्कोडर, जो फिरताना ठोके देतो.

पोटेन्शिओमीटर तपासायला मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक काडी मधल्या पायाला, दुसरी कडेच्या. हळूहळू फिरवताना आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारून परत आला तर त्या जागी मळ आहे किंवा पट्टी झिजली आहे. बाकी सर्किट जोडलेलं असल्यामुळे आकडा छापलेल्या किमतीशी तंतोतंत जुळणार नाही. आपल्याला फक्त उड्या बघायच्या आहेत.

कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी दांड्याच्या फटीत किंवा पायांजवळच्या भोकात धरून एक छोटा फवारा. मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि दहा मिनिटं सुकू द्या. एन्कोडरलाही हेच. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका. दोन दिवस नॉब लोण्यासारखा फिरतो, मग त्या तेलावर धूळ बसते.

नाहीच सुधारलं तर भाग बदलायचा. हे या लेखातलं सर्वांत अवघड काम आहे, कारण सगळे पाय एकाच वेळी सुटे करावे लागतात. सोल्डर ओढून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी वापरा. भागावर बी१०के असं काहीतरी छापलेलं असतं: बी म्हणजे सहसा सरळ चढणारा, १०के म्हणजे १० हजार ओहम. दुकानात फोटो नको, जुना भाग खिशात घेऊन जा. दांड्याची लांबी, तो गोल आहे की एका बाजूने चपटा, पाय किती, हे फोटोत कळत नाही. मी एकदा नुसता आकडा सांगून भाग आणला आणि नॉब रिमोटच्या बाहेर बोटभर उंच राहिला.

### स्क्रीनवरचे आकडे अर्धवट

८ चा ३ दिसतोय किंवा खालची रेघ गायब आहे, अशी तक्रार असेल तर स्क्रीन बहुतेक चांगली असते. स्क्रीन आणि बोर्ड यांच्यामध्ये एक रबरी पट्टी दाबून बसवलेली असते, तिच्यात वीज नेणारे आणि अडवणारे पदर आलटून पालटून असतात. ती काढा, अल्कोहोलने पुसा, बोर्डावरची जागा पुसा, त्याच बाजूने परत बसवा, चारही स्क्रू थोडे थोडे करून सारखे आवळा. काही रिमोटमध्ये रबराऐवजी चिकटवलेली पातळ पट्टी असते. ती ओढू नका, एकदा निघाली की घरी चिकटत नाही.

## ७. बंद करण्याआधी

बोर्ड उघडा असतानाच एकदा चालवून बघा. पण ताटातून बाहेर काढा! स्टीलच्या ताटात वीज सुरू केली तर बोर्डाखालचे सगळे पाय एकमेकांना जोडले जातील. माझा गेलेला दुसरा रिमोट असाच गेला. कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा, मग केबल किंवा सेल जोडा. स्क्रीन पूर्ण दिसते का, प्रत्येक बटण, नॉब दोन्हीकडे.

मग वीज काढून कवचं जुळवा. खटके आपोआप बसले पाहिजेत. जोर लागतोय म्हणजे तार कुठेतरी चिमटली आहे. प्लास्टिकमध्ये स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा, टिक् करून तो जुन्या आट्यात पडेल, मगच सुलटा आवळा. असं केलं नाही तर दर वेळी नवे आटे पडतात आणि तीन-चार वेळा उघडल्यावर आटे जातात.

नॉब फोटोत होता तसा.

पहिली चाचणी एकाच इंजिनावर, साध्या गोल रुळावर, डबे न जोडता. आणि गाडी हलल्या हलल्या सर्वांत आधी स्टॉपचं बटण दाबा. ते चाललं नाही तर बाकी सगळं चालत असलं तरी रिमोट परत ताटात.

शेवटी कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर तारीख आणि काय केलं ते लिहून मागच्या कवचाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी उघडणारा बहुधा तुम्हीच असाल आणि तुम्हाला काही आठवणार नाही. आमच्या रिमोटमध्ये अशा तीन पट्ट्या आहेत. सर्वांत जुनीवर फक्त एवढंच लिहिलंय: 'दोष केबलचा. स्प्रिंग फ्रीजच्या डाव्या पायाखाली.'